कंपनीने जन्म कोठे घ्यावा?



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा कित्येकांनी आम्हांला विचारले, की वसंत व्याख्यानमालेत कंपन्यांच्या नोंदणीचे काय काम? हा विषय वकिलाच्या कचेरीतला, फार तर हिशेबनिसाच्या टेबलावरचा. शंका रास्त आहे. म्हणून हा विषय आमच्याकडे कसा चालून आला ते आधी सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयाचा एक तरुण घरी आला. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा त्याचा उद्योग. दोन मित्रांच्या मदतीने तो त्याने आपल्याच गावात उभा केला. गिऱ्हाइके मात्र बहुतेक अमेरिकेतील. तेथील एका पेढीने त्याला भांडवल देऊ केले आणि अट घातली, की कंपनी अमेरिकेत नोंदविली पाहिजे. तरुण तयार झाला. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला : अमेरिकेत म्हणजे कोठे? कोणी सांगे डेलावेअर, कोणी वायोमिंग, कोणी नेवाडा, तर कोणी अलीकडे टेक्सास. तो म्हणाला, "काका, यांपैकी एकाही राज्यात मी पाऊल टाकलेले नाही. मग माझी कंपनी तिथली कशी होणार? आणि झालीच, तर कुठली झाली याने फरक काय पडणार?"

प्रश्न व्यवहाराचा होता. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा आम्ही सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. तोच इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. व्यापारी कंपन्यांची स्थापना, नियमन आणि विसर्जन हा विषय आपल्या राज्यघटनेने सातव्या परिशिष्टातील केंद्राच्या सूचीत घातला आहे. त्यामुळे कंपनी पुण्यात नोंदवा की गुवाहाटीत, कायदा एकच. रजिस्ट्रारची कचेरी तेवढी बदलते. अमेरिकेत तसे नाही. १७८७ साली फिलाडेल्फियास घटनेचा मसुदा सिद्ध होत असता जेम्स मॅडिसन यांनी, कंपन्यांना सनदा देण्याचा अधिकार मध्यवर्ती काँग्रेसला द्यावा, अशी सूचना मांडली होती. ती मान्य झाली नाही. मध्यवर्ती सत्तेच्या हाती हा अधिकार गेला तर मोठ्या मक्तेदाऱ्या निर्माण होतील, ही धास्ती त्या काळी अनेकांच्या मनात होती. काँग्रेसने पुढे राष्ट्रीय बँकेसारख्या काही थोड्या संस्थांना सनदा दिल्या. पण सामान्य व्यापारी कंपनीला जन्म देण्याचे काम राज्यांकडेच राहिले. आज तेथे पन्नास राज्ये आहेत आणि पन्नासांचे कंपनी-कायदे पन्नास आहेत.

आरंभीच्या काळात कंपनी काढणे सोपे नव्हते. पूल बांधावयाचा असो, कालवा खणावयाचा असो की बँक उघडावयाची असो, प्रत्येक कंपनीसाठी राज्याच्या विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागे. त्यात वशिला आला, लाच आली. न्यूयॉर्कने १८११ साली कारखानदारीपुरता सर्वसाधारण कायदा केला आणि ठरावीक कागद दाखल करील त्याला कंपनी काढण्याची मुभा दिली. मागाहून इतर राज्ये त्याच वाटेने गेली. तरीही सनदेला बंधने पुष्कळ असत. भांडवल अमुक मर्यादेपर्यंतच, धंदा ठरवून दिलेलाच, आणि एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे भाग विकत घेणे साधारणतः निषिद्धच.

परंतु कंपनी जन्मली एका राज्यात आणि व्यापार करू लागली दुसऱ्या राज्यात, तर काय? हा वाद १८३९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टाच्या बँकेने अलाबामात हुंड्यांचा व्यवहार केला होता. हुंड्या न वटता परत आल्या, तेव्हा मोबील शहरच्या अर्ल नावाच्या व्यापाऱ्याने पैसे देण्याचे नाकारले. त्याचे म्हणणे असे, की परराज्यातील बँकेला येथे करार करण्याचा अधिकारच नाही. सबब करार रद्द. सरन्यायाधीश टॅनी यांनी निकाल बँकेच्या बाजूने दिला. कंपनीचे वास्तव्य तिच्या जन्मराज्यातच असते, ते सोडून ती जाऊ शकत नाही. तथापि आपल्या माणसांकरवी ती परराज्यात व्यवहार करू शकते आणि ते राज्य स्पष्ट मनाई करीत नाही तोवर सौजन्याने तिला मान्यता देते, असा त्याचा आशय. पुढे १८६९ साली व्हर्जिनियातील पॉल नावाच्या विमा-मुखत्याराच्या खटल्यात याच न्यायालयाने ठरविले, की नागरिकाला प्रत्येक राज्यात जे हक्क असतात ते कंपनीला नाहीत. यजमान राज्य तिच्यावर आपल्या अटी घालू शकते.

या दोन निकालांतून जी व्यवस्था रूढ झाली तीच आजही चालू आहे. कंपनीचा घरगुती कारभार, म्हणजे भागधारकांचे हक्क, संचालकांची कर्तव्ये, मतदान, आपसांतील भांडणे, हे सारे जन्मराज्याच्या कायद्याने चालते. बाहेरचा व्यवहार, म्हणजे नोकरांचे पगार, गिऱ्हाइकांशी वागणूक, कामाच्या जागेचे कर, हे सारे जेथे काम चालते तेथल्या कायद्याने. सुनेचे माहेर एकीकडे आणि संसार दुसरीकडे, तसाच हा प्रकार. अमेरिकन कायद्याची परिभाषाही यामुळे मोठी मौजेची झाली आहे. डेलावेअरात जन्मलेली कंपनी कॅलिफोर्नियात गेली, की कॅलिफोर्नियाच्या लेखी ती 'परकी' कंपनी ठरते. खऱ्या परदेशातून आलेल्या कंपनीसाठी निराळाच शब्द आहे. आमचा तरुण मित्र स्वतःला परका समजत होता. त्या हिशेबाने अमेरिकेतील बहुतेक बड्या कंपन्या आपल्याच देशात परक्या आहेत.

आता इतिहासाचा रोख न्यू जर्सीकडे वळतो. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलचा पसारा अनेक राज्यांत पसरला होता. कंपनीने कंपनीचे भाग घ्यावयाचे नाहीत हा नियम चुकविण्यासाठी १८८२ साली त्यांनी विश्वस्तांचे एक मंडळ नेमून सर्व कंपन्यांचे भाग त्याच्या हाती दिले. 'ट्रस्ट' हा शब्द मक्तेदारीला समानार्थी झाला तो याच व्यवस्थेमुळे. १८९० साली काँग्रेसने मक्तेदारीविरुद्ध शर्मन कायदा केला. १८९२ साली ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील स्टँडर्ड ऑइलला ट्रस्टमधून बाहेर पडण्याचा हुकूम दिला. नेमक्या याच सुमारास न्यू जर्सीने दार उघडले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या कायद्यांनी आणि १८९६ च्या सुधारित संहितेने त्या राज्याने कंपनीला दुसऱ्या कंपनीचे भाग बाळगण्याची मोकळीक दिली. जे काम विश्वस्त मंडळाने आडमार्गाने केले ते आता एक कंपनी राजमार्गाने करू लागली. १८९९ साली स्टँडर्ड ऑइलने आपला सारा संसार न्यू जर्सीच्या कंपनीखाली आणला. १९०१ साली १४० कोटी डॉलर भांडवलाची युनायटेड स्टेट्स स्टील कंपनी तेथेच जन्मली.

नोंदणीची फी आणि सालोसालची पट्टी यांतून न्यू जर्सीचा खजिना इतका भरला, की राज्याचे कर्ज फिटले. शेजारच्या राज्यांना हे खुपणे साहजिक होते. १९०५ साली लिंकन स्टेफन्स या पत्रकाराने न्यू जर्सीला 'द्रोही राज्य' असे नाव देऊन लेख लिहिला. बाकीची राज्ये मक्तेदारांना वेसण घालू पाहतात आणि हे एक राज्य पैशासाठी त्यांना आसरा देते, असा त्याचा आरोप होता. आरोप खोटा नव्हता. पण त्याच वेळी शेजारचे दुसरे एक चिमुकले राज्य न्यू जर्सीची नक्कल करून मोकळे झाले होते.

ते राज्य डेलावेअर. जलभाग धरून क्षेत्रफळ सुमारे ६,४०० चौरस किलोमीटर, आपल्या गोव्याच्या साधारण पावणेदोन पट. सगळे मिळून तीन जिल्हे. अमेरिकेच्या घटनेला मान्यता देणारे पहिले राज्य, एवढाच त्याचा लौकिक. १८९७ साली त्याने नवी राज्यघटना केली आणि १८९९ च्या मार्चमध्ये न्यू जर्सीच्या धर्तीवर, पण तिच्याहून कमी दराचा, सर्वसाधारण कंपनी-कायदा मंजूर केला. त्या वर्षी एका कायदेविषयक नियतकालिकाने, भाजी पिकविणाऱ्यांचे आणि शिंपल्या वेचणाऱ्यांचे हे राज्य आता मोठ्या बाजारात उतरू पाहते, अशी त्याची टिंगल केली. टिंगल करणाऱ्याच्या नजरेतून एक कलम मात्र निसटले होते. १८९७ च्या घटनेनुसार डेलावेअरचा सर्वसाधारण कंपनी-कायदा बदलावयाचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागते. कायदा लहरीप्रमाणे उलटविता येणार नाही, याचा हा बंदोबस्त होता.

त्याची किंमत १९१३ साली कळली. प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष वुड्रो विल्सन १९११ साली न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले. राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी, १९१३ च्या फेब्रुवारीत, त्यांनी मक्तेदारीला आळा घालणारे सात कायदे मंजूर करवून घेतले. लोक त्यांना 'सात बहिणी' म्हणत. हेतू शुद्ध होता. परिणाम असा झाला, की नव्या कंपन्या न्यू जर्सीस फिरकेनात आणि जुन्या उठून नदीपलीकडे डेलावेअरात गेल्या. ड्यू पाँट घराण्याची कंपनी १९१५ साली गेली, जनरल मोटर्स १९१६ साली गेली. १९१७ पासून न्यू जर्सीने ते कायदे मागे घेतले. पण गेलेल्या कंपन्या परतल्या नाहीत. त्या सात कायद्यांनी मक्तेदारी मोडली नाही, तिचा पत्ता तेवढा बदलला. एका राज्याने एकट्याने सुधारणा करावयाची आणि बाजूला दुसऱ्याने दार उघडे ठेवावयाचे, अशा स्थितीत सुधारणेचे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

या व्यवस्थेवर अमेरिकेतच कडक टीका झाली आहे. १९३३ साली न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी एका भिन्नमतपत्रिकेत लिहिले, की राज्यांची ही शर्यत उद्यमाची नसून ढिलाईची आहे. १९७४ साली विल्यम केरी या प्राध्यापकांनी, जे पूर्वी तेथील रोखे-आयोगाचे अध्यक्ष होते, तिला तळ गाठण्याची शर्यत म्हटले : कंपनीचे राज्य निवडतात व्यवस्थापक, तेव्हा राज्य खूश करणार व्यवस्थापकांना, आणि मरणार भागधारक. १९७७ साली राल्फ विंटर यांनी उलट बाजू मांडली. ज्या राज्यात भागधारक नागविले जातात तेथील कंपनीला भांडवल महाग पडेल, तिचे भाग उतरतील. तेव्हा बाजारच या शर्यतीला वर खेचील, असे त्यांचे म्हणणे. हा वाद आजही मिटलेला नाही. दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो, आणि तो डेलावेअरच्या एका न्यायालयात सापडतो.

त्या न्यायालयाचे नाव चॅन्सरी. १७९२ साली ते स्थापन झाले. इंग्लंडात जेथे कायद्याच्या शब्दाने न्याय होत नसे तेथे चॅन्सेलरकडे दाद मागत, त्या परंपरेतले हे समन्यायाचे न्यायालय. तेथे ज्यूरी नसते. सात न्यायाधीश, त्यांचे मुख्य काम कंपन्यांचे तंटे, निकाल तपशीलवार कारणे देऊन लेखी, आणि तातडीचे प्रकरण असेल तर काही आठवड्यांत सुनावणी. सव्वाशे वर्षांत अशा निकालांचा जो साठा जमला तो दुसऱ्या कोणत्याही राज्यापाशी नाही.

एक कथा सांगतो. न्यूयॉर्कला मिठाईची दुकाने चालविणारी लॉफ्ट नावाची कंपनी होती. नोंदणी अर्थातच डेलावेअरची. चार्ल्स गथ हे तिचे अध्यक्ष. दुकानांतून कोकाकोला विकले जाई. त्या कंपनीने घाऊक सवलत नाकारली म्हणून गथ चिडले होते. १९३१ साली पेप्सीकोला बनविणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिची कृती आणि बोधचिन्ह गथ यांनी स्वतःसाठी मिळविले. पेय सुधारले, तयार केले आणि खपविले, ते मात्र लॉफ्टच्या पैशाने, लॉफ्टच्या कारखान्यात आणि लॉफ्टच्या नोकरांकरवी. धंदा फोफावला. लॉफ्टने दावा लावला. १९३८ साली चॅन्सरीने आणि १९३९ साली डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून हाती आलेली संधी ही त्या कंपनीची मिळकत होय. गथ यांनी पेप्सीचे आपले भाग लॉफ्टच्या स्वाधीन करावेत. हा निकाल आजही सांगितला जातो. ढिलाईच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या राज्याने अध्यक्षाच्या पदरातली पेप्सी काढून घेतली, हे टीकाकारांनी विसरता कामा नये.

पण लगेच दुसरी बाजूही पाहा. १९८० साली ट्रान्स युनियन या कंपनीच्या संचालकांनी सुमारे दोन तासांच्या सभेत, पुरते कागद न वाचता, सारी कंपनी विकण्यास मान्यता दिली. १९८५ साली डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना व्यक्तिशः जबाबदार धरले. देशभरच्या संचालकांत खळबळ उडाली. दुसऱ्याच वर्षी डेलावेअरच्या विधिमंडळाने कायदा केला, की केवळ निष्काळजीपणाबद्दल संचालकांकडून भरपाई मागता येणार नाही, असे कलम कंपनीला आपल्या सनदेत घालता येईल. न्यायालयाने आवळलेली गाठ विधिमंडळाने सैल केली. डेलावेअरचा इतिहास हा असा आहे. त्याला साधुत्वही चिकटवू नये आणि पापाची पेठही म्हणू नये.

मात्र पेठ मोठी आहे, यात संशय नाही. राज्याची लोकसंख्या सुमारे दहा लाख, आणि तेथे नोंदविलेल्या कंपन्या व तत्सम संस्था वीस लाखांच्या वर. विल्मिंग्टन शहरी नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर १२०९ क्रमांकाची एक बसकी इमारत आहे. २०१२ साली तो एकच पत्ता २,८५,००० हून अधिक संस्थांचा कायदेशीर पत्ता होता. तेथे कोणी माल बनवीत नाही. कंपनीच्या नावे येणाऱ्या नोटिसा स्वीकारणारा मुखत्यार तेथे बसतो, आणि असा मुखत्यार राज्यात ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे. आमच्या मित्राच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या इमारतीत आहे. कंपनी तिथली होण्यासाठी मालकाने तेथे पाऊल टाकावे लागत नाही, नागरिक असावे लागत नाही. कागद आणि फी पोहोचली म्हणजे झाले.

प्रतिस्पर्धी राज्येही स्वस्थ बसली नाहीत. पश्चिमेकडच्या वायोमिंगने १९७७ साली एका तेल-कंपनीच्या आग्रहावरून एलएलसी नावाचा नवा प्रकार निर्माण केला. त्यात कंपनीप्रमाणे मालकाची जबाबदारी मर्यादित, पण कर भागीदारीप्रमाणे सरळ मालकाच्या नावे. १९८८ साली मध्यवर्ती कर-खात्याने त्याला मान्यता दिली आणि पुढे सर्व राज्यांनी तो उचलला. नेवाडाने संचालकांना अधिक संरक्षण देऊ केले. या दोन्ही राज्यांत कंपनीच्या नफ्यावर राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि याच गोष्टीचा डांगोरा सर्वांत अधिक पिटला जातो.

सर्वांत ताजा अध्याय टेक्सासचा. टेस्ला कंपनीने आपले प्रमुख एलॉन मस्क यांना २०१८ साली जो मोबदला ठरविला त्याची किंमत सुमारे ५,६०० कोटी डॉलर झाली होती. अवघे नऊ भाग असलेल्या एका भागधारकाने दावा लावला, आणि २०२४ च्या जानेवारीत चॅन्सरीने तो मोबदला रद्द केला. त्याच वर्षी जूनमध्ये टेस्लाच्या भागधारकांनी कंपनीचे जन्मस्थान टेक्सासला हलविण्याचा ठराव केला. टेक्सासने २०२४ च्या सप्टेंबरात खास व्यापारी न्यायालय उघडले. २०२५ साली असा कायदा केला, की कंपनीच्या वतीने संचालकांवर दावा लावणाऱ्यापाशी तीन टक्क्यांपर्यंत भाग असले पाहिजेत, अशी अट मोठ्या कंपन्यांना घालता येईल. नऊ भागांच्या धन्याला तेथे दार बंद. डेलावेअर धास्तावले. १९१३ साली न्यू जर्सीचे काय झाले ते तेथे कोणी विसरलेले नव्हते. २०२५ च्या मार्चमध्ये त्याने आपला कायदा बदलून बड्या भागधारकांच्या व्यवहारांना अधिक मोकळीक दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मस्क यांच्याविरुद्धचा निकालही फिरविला. सव्वाशे वर्षांपूर्वीची शर्यत पुन्हा सुरू झाली आहे, एवढेच यावरून दिसते.

आता परदेशी उद्योजकाकडे वळू. ज्याचे दुकान ओहायोत आहे त्या अमेरिकन माणसाने ओहायोतच नोंदणी करावी, हे बहुधा सोयीचे असते. परदेशी माणसाला असे स्वतःचे राज्य नाही. म्हणून निवड खऱ्या अर्थाने मोकळी आहे ती त्याला, आणि फसण्याचा धोकाही त्यालाच अधिक. राज्य निवडून त्याला काय मिळत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. कंपनीचा मालक झाल्याने त्याला अमेरिकेत राहण्याचा वा काम करण्याचा परवाना मिळत नाही. व्हिसाचा कायदा मध्यवर्ती सरकारचा आहे. मध्यवर्ती प्राप्तिकर चुकत नाही. २०१७ च्या कायद्याने ठरविलेला २१ टक्क्यांचा दर वायोमिंगच्या कंपनीला आणि डेलावेअरच्या कंपनीला सारखाच लागू झाला. कामाच्या जागेचा कर चुकत नाही. कंपनी वायोमिंगची काढून कचेरी कॅलिफोर्नियात थाटली, तर कॅलिफोर्नियातही नोंदणी करावी लागते आणि तेथील किमान वार्षिक ८०० डॉलरची पट्टी भरावी लागते. म्हणजे स्वस्ताईसाठी दूरचे माहेर पाहिले आणि खर्च दोन घरांचा झाला.

स्वस्त कागदाच्या मोहात आणखीही खाचा आहेत. एलएलसी सुटसुटीत दिसते. परंतु एकट्या परदेशी मालकाची एलएलसी असेल तर मालक आणि संस्था यांच्यातील व्यवहारांची माहिती मध्यवर्ती कर-खात्याला एका ठरावीक नमुन्यात द्यावी लागते, आणि ती न दिल्यास २५,००० डॉलर दंड होऊ शकतो, मग कमाई एक डॉलर असो वा नसो. भांडवल पुरविणाऱ्या पेढ्याही सहसा एलएलसीत पैसा घालीत नाहीत. त्यांना भाग काढणारी रीतसर कंपनी हवी असते, आणि तीही डेलावेअरची, कारण तेथील कायदा आणि निकाल त्यांच्या वकिलांना तोंडपाठ असतात. आमच्या मित्राने शेवटी तीच काढली. आठ-दहा महिन्यांनी तो पांढऱ्या चेहऱ्याने आमच्याकडे आला. डेलावेअरचे वार्षिक पट्टीचे बिल आले होते : ८५,१६५ डॉलर. कंपनीची तेवढी कमाईही नव्हती. चौकशीअंती कळले, की ही पट्टी दोन रीतींनी मोजता येते. सनदेत एक कोटी भाग लिहिले होते, आणि भागांच्या नुसत्या संख्येवर मोजली तर रक्कम तेवढीच येते. कंपनीची मालमत्ता हिशेबात धरणारी दुसरी रीत वापरली, तर त्याची पट्टी ४०० डॉलरच होत होती. दोन्ही रीती कायद्यात छापलेल्या आहेत. छापलेले वाचणे मात्र ज्याचे त्याने करावयाचे असते.

शेवटचा हिशेब स्वदेशातला. कंपनी डेलावेअरात जन्मली तरी तिचे महत्त्वाचे निर्णय आपल्या गावात बसून घेतले जात असतील, तर आपला प्राप्तिकर-कायदा तिला भारतातील रहिवासी मानू शकतो. ही तरतूद २०१६-१७ या आर्थिक वर्षापासून अमलात आली. वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपन्यांना २०१७ च्या परिपत्रकाने त्यातून वगळले. शिवाय परदेशी कंपनीत पैसा गुंतविण्याचे नियम रिझर्व्ह बँकेचे आहेत, ते वेगळेच. आणि माहेर बदलणे फुकट नसते. शेअरबाजाराचे व्यवहार करणारी बंगळूरची ग्रो ही कंपनी डेलावेअरात नोंदविलेली होती. २०२४ साली तिने आपले मूळ भारतात आणले, तेव्हा एकदाचा म्हणून सुमारे १,३४० कोटी रुपयांचा कर तिला सोसावा लागला. जन्म देताना काही शे डॉलर पुरतात; पुढे जन्मस्थान बदलताना काय पडते, ते या आकड्यावरून कळावे.

मग आमच्या मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाचे, फरक काय पडतो या प्रश्नाचे, उत्तर काय? आमच्या मते ते या इतिहासातच आहे. राज्य निवडणे म्हणजे कर निवडणे नव्हे, बाजार निवडणे नव्हे, देश निवडणे तर मुळीच नव्हे. राज्य निवडणे म्हणजे पंच निवडणे. आज तिघे मित्र एका ताटात जेवत आहेत. उद्या पैसा येईल, त्याबरोबर पैसेवाला येईल, आणि परवा कोणाचे किती, कोण कोणाला काढू शकतो, कंपनी विकावी की न विकावी, यावर तंटा होईल. तो तंटा कोणत्या कायद्याने आणि कोणापुढे सुटावयाचा, एवढेच त्या कागदाने ठरते. गिऱ्हाइकांच्या वर्गणीवर चालणारा, बाहेरचे भांडवल न घेणारा, एकट्याचा लहान धंदा असेल, तर तंट्याला दुसरा पक्षच नाही. त्याने स्वस्त राज्य पाहिले तरी बिघडत नाही. परंतु जेथे परक्याचे भांडवल येणार तेथे पंच जाणता असावा. आणि पंच आज कोणाकडे झुकत आहे, हेही पाहत राहावे; कारण १९१३ साली आणि २०२५ साली आपण पाहिले, की पंचालाही आपले गिऱ्हाईक टिकवावयाचे असते. मोठ्या धन्याला सोयीचा होत चाललेला कायदा लहान भागीदाराला सोयीचा राहीलच असे नाही. आणि आमचा मित्र, पुरेसे भांडवल आल्यावर, स्वतःच्याच कंपनीत लहान भागीदार होणार आहे.

हे त्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, म्हणजे आधी आम्हां तिघांत काय ठरलं आहे ते लिहून काढायला हवं." आम्ही म्हटले, "ते तर आपल्याच गावात, मराठीतसुद्धा लिहिता येईल." दुसऱ्या दिवशी ते तिघे लिहावयास बसले. पहिल्याच पानावर, कोणाचे किती, यावरून त्यांचे दोन दिवस गेले, असे मागाहून कळले. ते दोन दिवस सत्कारणी लागले असे आम्हांला वाटते.